जुन्या संगणकावर लिनक्स अडतंय? कुठल्या पायरीवर अडलं ते आधी बघा

ताई, तुमचं पत्र दोनदा वाचलं. उत्तर लांबणार आहे. तुम्ही एकच अडचण म्हणून लिहिलंय, पण मला त्यात चार वेगवेगळ्या अडचणी दिसतात. त्या एकमेकींच्या आड लपल्यामुळेच तुम्ही आणि तुमचा भाचा दोन महिने गोल-गोल फिरत राहिलात.

इतरांनाही उपयोग व्हावा म्हणून आधी तुमचा प्रश्न थोडक्यात मांडतो. इंदूरला रामबागेतल्या तुमच्या मराठी वाचनालयाला एका सभासदानं घरचा असेंबल्ड संगणक दिला. इंटेल पेंटियम ड्युअल-कोअर ई५२०० प्रोसेसर, जी३१ चिपसेटचा मदरबोर्ड, एक-एक जीबीच्या दोन डीडीआर२ रॅम, १६० जीबीची साटा हार्डडिस्क. पुस्तकांची यादी करायची आणि मराठी टाइप करायचं, एवढंच काम. भाच्यानं आधी रॉकी लिनक्स ९ टाकून पाहिलं, तर सुरुवातीलाच ‘कर्नल पॅनिक’, म्हणजे लिनक्सचा गाभा (कर्नल) बंद पडला. मग जुनं मशीन म्हणजे ३२ बिट, असं समजून डेबियन १२ या दुसऱ्या लिनक्सची ३२ बिट आवृत्ती घेतली. ती एकदा ३८ टक्क्यांवर थांबली, दुसऱ्यांदा ७१ वर. त्यानंतर ६४ बिट डेबियन १२ शेवटपर्यंत गेलं, पण पेनड्राइव्ह काढून मशीन सुरू केलं तर काळ्या पडद्यावर नुसती लुकलुकणारी आडवी रेघ. पेनड्राइव्ह परत लावला की मात्र तेच डेबियन नीट उघडतं. उघडल्यावर अपडेट करायला जावं तर ‘रिलीज फाइल अजून वैध नाही’ असा निरोप येतो. दुकानदार म्हणाला, भंगारात द्या.

देऊ नका. तुम्ही सांगितलेल्या एकाही लक्षणावरून मदरबोर्ड किंवा प्रोसेसर गेलाय असं दिसत नाही.

संगणक सुरू होताना कारभार हातोहात पुढे जातो. आधी बायोस, म्हणजे बोर्डावरच्या चिपमध्ये बसवलेला प्रोग्राम, जागा होतो, रॅम आणि डिस्क मोजतो. तो डिस्कच्या पहिल्या ५१२ बाइटांकडे कारभार सोपवतो. तिथून ग्रब हा बूट करणारा छोटा प्रोग्राम उठतो, ग्रब कर्नलला आणतो, कर्नल पहिला प्रोग्राम चालवतो, तो बाकीच्या सेवा उभ्या करतो आणि शेवटी डेस्कटॉप दिसतो. यातल्या प्रत्येक हस्तांतरणाला अडण्याची आपापली कारणं आहेत आणि एकीचं औषध दुसरीला चालत नाही. तुमच्या भाच्यानं दर वेळी अडलं की ऑपरेटिंग सिस्टिमच बदलली. मुलगा मेहनती आहे हे पत्रावरून कळतंच, पण असं केलं की मागच्या वेळी काय झालं होतं ते समजायच्या आतच पुरावा पुसला जातो. इथून पुढे एकच नियम ठेवा: अडलं की मोबाइलनं पडद्याचा फोटो काढायचा आणि मग दुसरं काहीही करायचं.

आता एकेक घेऊ. रॉकी लिनक्स ९ या प्रोसेसरवर चालणारच नव्हतं, आणि त्यात मशीनचा दोष नाही. रेड हॅट एंटरप्राइज लिनक्स ९ आणि त्यावरून बनणाऱ्या रॉकी, अल्मा वगैरे वितरणांनी प्रोसेसरची किमान अट वाढवली. त्या अटीचं नाव एक्स८६-६४-व्ही२. त्यात एसएसई ४.२ सारख्या सूचना असाव्याच लागतात, आणि इंटेलनं त्या २००८ च्या शेवटी आलेल्या पहिल्या कोअर आय७ पासून दिल्या. तुमचा ई५२०० त्याच वर्षी थोडा आधी आलेला, जुन्या कोअर २ घराण्यातला. तो ६४ बिट आहे, पण या सूचना त्याला येत नाहीत. कर्नल सुरू झालं, त्यानं पहिला प्रोग्राम चालवायला घेतला, आणि ग्लिबसी या मूळ लायब्ररीनं प्रोसेसर बघून नकार दिला. पहिलाच प्रोग्राम मेला की कर्नलपुढे पॅनिकशिवाय मार्ग नसतो. लोक ‘पॅनिक’ हा शेवटचा मोठा शब्द वाचतात आणि घाबरतात. खरं कारण त्याच्या चार-सहा ओळी वर असतं. तिथे प्रोसेसर व्ही२ ला आधार देत नाही असं सरळ लिहिलेलं असतं. पॅनिक आलं की खालून वर वाचत जायचं.

३२ बिटची निवड ही दुसरी चूक, पण ती फार जणांकडून होते. जुनं किंवा कमी रॅमचं म्हणजे ३२ बिट, हे समीकरण खरं नाही. कोअर २ आणि त्याच्या भावंडांचे डेस्कटॉप प्रोसेसर ६४ बिट आहेत, त्यांना ६४ बिटच द्यावं. आता तर तो प्रश्नही सुटत चाललाय, कारण ऑगस्ट २०२५ मध्ये आलेल्या डेबियन १३ मध्ये ३२ बिट पीसीसाठी इन्स्टॉलरच नाही. उबुंटूनं ३२ बिट डेस्कटॉप प्रतिमा (इन्स्टॉल करायची एकसंध फाइल) २०१७ मध्येच थांबवली, आणि फ्रीबीएसडीनं १५ व्या आवृत्तीपासून ३२ बिट पीसी सोडला. कुणाकडे खरंच ३२ बिट मशीन असेल, म्हणजे सुरुवातीचा पेंटियम ४ किंवा त्या काळातला लॅपटॉप, तर नेटबीएसडी आणि ओपनबीएसडी अजून त्यांना सांभाळतात. पेंटियम एम लॅपटॉपवर तर एक गंमतीची खोच आहे: काही पेंटियम एम प्रोसेसरांना पीएई (चार जीबीपेक्षा जास्त रॅम वापरायची सोय) येतं, पण ते तसं सांगत नाहीत, म्हणून इन्स्टॉलर नकार देतो. बूट ओळीत ‘फोर्सपीएई’ हा एकच शब्द इंग्रजीत सलग लिहिला की काम होतं. तुम्हाला यातलं काहीच लागणार नाही. तुमच्यासाठी डेबियन १३, ६४ बिट. डेबियननं प्रोसेसरची अट वाढवलेली नाही, ई५२०० त्याला चालतो.

आता ३८ आणि ७१ कडे येतो. तुमच्या पत्रातले मला सगळ्यात मोलाचे शब्द हे दोन आकडे आहेत. बरं झालं तुम्ही ते लिहून ठेवलेत.

इन्स्टॉलेशन दर वेळी एकाच जागी थांबत असेल तर संशय त्या जागेवर घ्यायचा: प्रतिमेची फाइल अर्धवट उतरली, पेनड्राइव्हचा तेवढा भाग खराब आहे, किंवा डिस्कवर तिथे खराब सेक्टर (डिस्कचा छोटा तुकडा) आहे. दर वेळी वेगळ्या जागी थांबत असेल तर दोष जागेचा नाही, वाहून नेणाऱ्याचा आहे. रॅम, गरम होणारा प्रोसेसर, डळमळणारा वीजपुरवठा किंवा सैल केबल. हा नियम शंभर टक्के नाही, पण माझ्या इतक्या वर्षांच्या कामात त्यानं मला क्वचितच चुकवलंय.

हे मी शिकलो ते २००४ च्या सुमारास, इथेच इंदुरात, एका खासगी क्लासच्या लॅबमध्ये. दहा मशीनं, सगळ्यांवर सीडीवरून लिनक्स टाकायचं. नऊ झाली, दहावं मात्र दर वेळी नव्या फाइलवर अडे. मी सीडी बदलली, मग सीडी ड्राइव्ह, मग हार्डडिस्क. त्या वर्षांत मध्य प्रदेशात वीजकपात किती होती ते तुम्हाला आठवत असेल, म्हणून दोष इन्व्हर्टरलाही देऊन झाला. तीन दिवसांनी रात्रभर मेमटेस्ट चालवला तेव्हा सकाळी पडद्यावर लाल ओळी. रॅमचा एक बिट, फक्त एक. लाखो फाइलींतून तो कधी या फाइलीत पडे, कधी त्या. तीन दिवस गेले याचं दुःख नाही, पण त्याआधी अशी किती मशीनं मी ‘लिनक्सला मानवत नाही’ म्हणून परत केली असतील, हे आठवलं की आजही वाईट वाटतं.

म्हणून तुमच्या मशीनवर पहिली तपासणी रॅमची. पॉवर केबल काढा, पॉवर बटण पाच सेकंद दाबून धरा म्हणजे उरलेली वीज निघून जाईल. कॅबिनेटच्या उघड्या पत्र्याला हात लावून अंगातली स्थिर वीज सोडा. मग दोन्ही रॅम काढा. त्यांच्या सोनेरी दातांवर काळपट थर दिसला तर पांढरा, मऊ खोडरबर एकाच दिशेनं हलक्या हातानं फिरवा आणि कण झटकून टाका. घासू नका, सोन्याचा मुलामा फार पातळ असतो. आयसोप्रोपिल अल्कोहोल मिळालं तर त्यात भिजवलेलं सुती कापड त्याहून चांगलं. स्लॉटमध्ये धूळ असेल तर कोरडा, नवा रंगाचा ब्रश. आपल्या माळव्यातल्या उन्हाळ्याची बारीक धूळ आणि पाठोपाठ पावसाळ्याची ओल, या दोन्हींनी मिळून असे थर बसतात, आणि निम्म्या वेळा एवढ्या सफाईनंच रॅम ठीक होते.

मग एकच रॅम लावा आणि मेमटेस्ट८६+ रात्रभर चालू द्या. हा प्रोग्राम ऑपरेटिंग सिस्टिमशिवाय, थेट पेनड्राइव्हवरून चालतो. सिस्टमरेस्क्यू नावाची एक फुकट लाइव्ह प्रतिमा आहे, तिच्या सुरुवातीच्या मेनूतच तो असतो. पुढे डिस्क तपासायलाही तीच प्रतिमा लागेल, म्हणून तीच घ्या. किमान एक पूर्ण फेरी व्हायला हवी, रात्रभरात बऱ्याच होतील. एकही चूक दिसली तर ती रॅम बाद. ‘एकच चूक आहे, चालेल’ असं नसतं. त्या एका चुकीतून तुमच्या पुस्तकांच्या यादीतली एखादी नोंद बिघडेल आणि तुम्हाला कळणारही नाही. दुसऱ्या रात्री दुसरी रॅम, त्याच स्लॉटमध्ये. दोन्ही स्वच्छ निघाल्या तर तिसऱ्या रात्री दोन्ही एकत्र. एकेकटी चालते पण जोडीनं चुकते, असंही होतं. तेव्हा दोष दुसऱ्या स्लॉटचा किंवा बोर्डाच्या वीजपुरवठ्याचा असतो.

रॅम बदलायची वेळ आली तर जेल रोडला जुनी डीडीआर२ मिळते. दोन-दोन जीबीच्या दोन घ्या. जी३१ बोर्डाची मर्यादा एकूण चार जीबीची आहे आणि प्रत्येक स्लॉटला दोनच चालते. चार जीबीची एकच डीडीआर२ कुणी स्वस्तात दाखवली तर घेऊ नका. बाजारात तशा रॅम बहुतेक फक्त एएमडीच्या बोर्डांवर चालणाऱ्या असतात, इंटेलच्या बोर्डावर मशीन सुरूसुद्धा होणार नाही.

कॅबिनेट उघडलंच आहे तर प्रोसेसरच्या आसपासचे उभे, डब्यासारखे कपॅसिटर वरून बघा. माथे सपाट हवेत. फुगलेले किंवा तपकिरी द्रव गळालेले दिसले तर रॅमला दोष देण्याआधी तेच कारण धरा. त्या दशकातल्या बोर्डांमध्ये हा रोग फार होता. ते बदलता येतात, पण चांगल्या हाताचा कारागीर हवा. प्रोसेसरच्या पंख्याच्या चार प्लास्टिक खुंट्या हलवून बघा; एखादी निसटलेली असली की हीटसिंक एका बाजूनं उचलला जातो आणि मशीन तापून मधेच थबकतं. बायोसच्या हार्डवेअर मॉनिटरमध्ये १२ व्होल्टच्या जागी ११.४ ते १२.६ च्या आत आकडा हवा आणि ५ च्या जागी ४.७५ ते ५.२५ च्या आत. त्याबाहेर असेल तर एसएमपीएस, म्हणजे वीज पुरवणारा डबा, बदला.

डिस्कचं आता. सिस्टमरेस्क्यूमध्ये ‘स्मार्टसीटीएल’ ही आज्ञा आहे, भाच्याला ती सापडेल. तिच्या लांबलचक यादीतल्या चारच ओळी वाचायच्या. ५ क्रमांकाची ओळ म्हणजे डिस्कनं स्वतः बाद करून बदललेले सेक्टर. १९७ म्हणजे जे वाचता येत नाहीत पण अजून निकालात काढलेले नाहीत असे. १९८ म्हणजे वाचता न आलेले. या तिन्हींचे शेवटच्या स्तंभातले आकडे शून्य असले तर उत्तम. ५ ची संख्या लहान आणि स्थिर असेल तर मी अशी डिस्क वाचनालयासाठी चालवून घेईन, पण १९७ वाढत असेल तर नाही. चौथी ओळ १९९, आणि तिच्यासाठीच मी हे सगळं लिहितोय. ती डिस्कची नसते, केबलची असते. डिस्क आणि बोर्ड यांच्यामध्ये माहिती वाटेत बिघडली की ती वाढते. पन्नास-शंभर रुपयांची साटा केबल बदलली की वाढायची थांबते. आधीचा आकडा मागे जात नाही, तो आयुष्यभराचा हिशेब आहे. या १९९ कडे न बघता कितीतरी चांगल्या डिस्क लोकांनी फेकून दिल्या आहेत. नंतर त्याच आज्ञेनं लांब चाचणी लावा. १६० जीबीला साधारण तासभर लागतो.

कुणीतरी तुम्हाला बायोसमध्ये जाऊन एएचसीआय (साटा डिस्क चालवायची नवी पद्धत) चालू करा असं नक्की सांगेल. तुमच्या जी३१ बोर्डासोबत साधारणपणे साधा आयसीएच७ साउथब्रिज (डिस्क सांभाळणारी चिप) येतो आणि त्यात एएचसीआय नाहीच, त्यामुळे तो पर्याय शोधण्यात वेळ घालवू नका. जुन्या आयडीई पद्धतीतच लिनक्स नीट चालतं. पुढे कधी पैसे जमले तर एक छोटी साटा एसएसडी लावा, ती याच पद्धतीत चालेल आणि मशीनला जो फरक पडेल तो रॅम वाढवूनही पडणार नाही.

आता ती लुकलुकणारी रेघ. पेनड्राइव्ह लावला की डेबियन उघडतं, काढला की उघडत नाही, हे वाचल्याबरोबर मला उत्तर कळलं. ग्रब पेनड्राइव्हवर बसलाय. डेबियन स्वतः हार्डडिस्कवर आहे, पण त्याच्या दाराची किल्ली पेनड्राइव्हला बांधलेली आहे.

हे कसं होतं ते सांगतो, कारण जुन्या बायोसवर ते पुन्हा होऊ शकतं. तुमच्या बोर्डासारखे बायोस पेनड्राइव्हला वेगळं काही मानत नाहीत, हार्डडिस्कच समजतात. म्हणून तो ‘हार्ड डिस्क ड्राइव्हज’ या उपयादीत दिसतो आणि तोही लावलेला असेल तरच. भाच्यानं तिथे पेनड्राइव्ह वर आणला, बरोबरच केलं. पण लिनक्सला डिस्क दिसण्याचा क्रम काही ठरलेला नसतो. पेनड्राइव्ह पहिला दिसला तर ‘एसडीए’ हे नाव त्याला मिळतं आणि हार्डडिस्क होते ‘एसडीबी’. इन्स्टॉलर शेवटी विचारतो ग्रब कुठे बसवू, आणि सवयीनं आपण पहिलं नाव निवडतो. प्रतिमा पेनड्राइव्हवर हुबेहूब उतरवलेली असती तर ग्रबनं तिथे बसायला बहुधा नकार दिला असता आणि चूक लगेच समजली असती. पण रूफस या पेनड्राइव्ह बनवायच्या प्रोग्राममध्ये ‘आयएसओ पद्धत’ निवडली की पेनड्राइव्हवर साधा फॅट विभाग बनतो आणि त्याच्या आधी थोडी मोकळी जागा राहते. ग्रबला तेवढी जागा पुरते, तो तक्रार न करता बसतो. तुम्ही लिहिलंय की त्याच पेनड्राइव्हवरून आता इन्स्टॉलरचा मेनू येतच नाही, सरळ डेबियन उघडतं. ते याचमुळे.

आणि हार्डडिस्कवरून सुरू करताना नुसती रेघच का, काही निरोप का नाही? बायोस पहिल्या ५१२ बाइटांपैकी शेवटच्या दोनच बाइटांची खूण तपासतो. खूण असली की बाकीच्यात काय आहे ते न बघता कारभार सोपवतो. आत उपयोगाचं काही नसलं की प्रोसेसर भलतीकडे जातो आणि तिथेच राहतो. बायोसचं काम तोवर संपलेलं असतं, त्यामुळे बोलायला कुणी उरत नाही.

दुरुस्ती सोपी आहे. नवा इन्स्टॉलर पेनड्राइव्ह लावून ‘ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स’ मधून ‘रेस्क्यू मोड’ घ्यायचा, हार्डडिस्कवरचा मुख्य विभाग निवडायचा आणि ‘ग्रब पुन्हा बसवा’ या अर्थाचा पर्याय द्यायचा. डिस्क निवडताना नावाकडे बघायचं नाही, आकाराकडे आणि कंपनीकडे बघायचं. १६० जीबीवाली ती आपली.

मात्र तुमच्या बाबतीत मी ही दुरुस्ती करणार नाही. कारण तुमचं आत्ताचं डेबियन ज्या रॅममधून गेलं ती संशयित आहे. तिसऱ्या वेळी ते शेवटपर्यंत पोचलं याचा अर्थ सगळ्या फाइली शुद्ध पोचल्या असा नाही. रॅम ठीक झाल्यावर डिस्क पुसून पुन्हा टाका. अर्धा दिवस जाईल, पण पुढे कधी काही विचित्र घडलं तर ‘ती जुनी भानगड असेल का’ ही शंका राहणार नाही.

‘रिलीज फाइल अजून वैध नाही’ हे चारांतलं सगळ्यात सोपं. तुमच्या मशीनची तारीख २००८ च्या १ जानेवारीला जाऊन बसते, आणि डेबियनची फाइल आजच्या तारखेनं सही केलेली आहे. मशीनच्या दृष्टीनं ती भविष्यातली, म्हणून नकार. ब्राउझरमध्ये संकेतस्थळं प्रमाणपत्राची तक्रार करतात असंही तुम्ही लिहिलंय, तेही यातच आलं. बोर्डावरची सीआर२०३२ बटण बॅटरी संपलीय. नवी ३ व्होल्ट दाखवते, २.८ च्या खाली गेली की बदलावी. घड्याळापेक्षा दुसरा त्रास मोठा आहे: बॅटरी मेलेली असली की भिंतीवरचं बटण बंद केल्याबरोबर बायोसमधल्या सगळ्या निवडी पुसल्या जातात, बूट क्रमसुद्धा. काल केलेलं आज का चालत नाही, या तुमच्या कोड्याचं निम्मं उत्तर तिथे आहे. म्हणून बॅटरी सगळ्यात आधी बदला, बाकी सगळं नंतर.

पेनड्राइव्ह बनवताना या वेळी रूफसमध्ये ‘डीडी पद्धत’, म्हणजे प्रतिमा हुबेहूब उतरवणारी, निवडायला सांगा. उतरवलेल्या फाइलीचा एसएचए२५६ आकडा (फाइलीचा जणू अंगठ्याचा ठसा) डेबियनच्या संकेतस्थळावरच्या आकड्याशी जुळवून घ्या. पेनड्राइव्ह कॅबिनेटच्या मागच्या यूएसबीला लावा, पुढच्याला नाही. पुढच्या पोर्टच्या आतल्या तारा बहुतेक स्वस्त आणि सैल असतात.

इन्स्टॉलर ग्राफिकल नको, साधा अक्षरी घ्या. तो कमी रॅममध्ये चालतो आणि त्यात ऑल्ट व एफ४ दाबलं की आतल्या नोंदी डोळ्यांसमोर येतात. टक्केवारी थांबली की तिथे बघा. ‘आय/ओ एरर’ आणि डिस्कचं नाव दिसलं तर डिस्क, केबल किंवा पेनड्राइव्ह. परत यायला ऑल्ट व एफ१. भाषा इन्स्टॉलेशनपुरती इंग्रजीच ठेवा. मराठीचा आग्रह मला तुमच्याइतकाच आहे, पण अडचणीचा निरोप इंग्रजीत असला तर त्यावर जगभरात कुणी काय केलं ते शोधता येतं. डिस्कची विभागणी जुन्या एमबीआर पद्धतीची, नवी जीपीटी नको. या बायोसवर जीपीटी चालवता येतं, पण त्यासाठी एक एमबीचा वेगळा बायोस बूट विभाग लागतो, आणि काही बायोस ‘सक्रिय’ खूण नसलेल्या डिस्ककडे बघतही नाहीत. १६० जीबीसाठी तो खटाटोप कशाला.

डेस्कटॉप निवडताना जड ग्नोमची खूण काढून हलक्या एलएक्सक्यूटीला द्या. दोन जीबीत ग्नोम आणि फायरफॉक्स एकत्र नांदत नाहीत. दोन जीबीचा स्वॅप (रॅम अपुरी पडली की वापरायची डिस्कवरची जागा) ठेवा, आणि नंतर झेडरॅम चालू करा. ते रॅममध्येच माहिती दाबून बसवतं, जुन्या डिस्कवर स्वॅपची धाव कमी होते.

ग्रबचा मेनू दिसला आणि त्यानंतर पडदा काळा झाला, तर ती त्या रेघेपेक्षा वेगळी पायरी आहे. कीबोर्डवर कॅप्स लॉक दाबा. दिवा लागतो-विझतो तर कर्नल जिवंत आहे, फक्त चित्र येत नाही. जुन्या गोल पिनच्या कीबोर्डवर दिवे आपोआप लुकलुकत असतील तर कर्नल पॅनिक झालंय. जिवंत असेल तर ग्रबमध्ये ‘ई’ दाबून लिनक्सनं सुरू होणाऱ्या ओळीच्या शेवटी ‘नोमोडसेट’ हा शब्द इंग्रजीत लिहा. चित्र आलं तर दोष ग्राफिक्सचा. ही तपासणी आहे, कायमचा उपाय नाही. इंटेलच्या त्या काळच्या बोर्डांवर कर्नलला कधी कधी लॅपटॉपचा पडदा जोडलेला आहे असा भास होतो आणि सगळं चित्र त्या नसलेल्या पडद्याकडे जातं. तेव्हा ‘नोमोडसेट’ काढून तो ‘एलव्हीडीएस-१’ पडदा बंद करणारी सूचना द्यावी लागते. तसं झालं तर मला कळवा, ती ओळ अक्षर न् अक्षर लिहून देईन.

सगळं चालू झालं की मराठीसाठी नोटो किंवा लोहित देवनागरी फॉन्ट टाका आणि आयबस या टायपिंगच्या प्रोग्राममधून इनस्क्रिप्ट कळफलक घ्या. तुमच्या मदतनीस मुलींना इनस्क्रिप्ट आठ दिवस अवघड वाटेल. तरी तोच शिकवा. यादी युनिकोडमध्येच करा, जुन्या टाइपरायटर फॉन्टमध्ये नाही. त्या फॉन्टमधली यादी पुढे दुसऱ्या मशीनवर उघडली की अक्षरांची भेळ होते, आणि तुमच्याकडे सात हजार पुस्तकं आहेत.

क्रम असा ठेवा: आज बॅटरी आणि सफाई, आज रात्री पहिली रॅम, उद्या रात्री दुसरी, परवा दिवसा डिस्कची चाचणी आणि दोन्ही रॅम स्वच्छ असतील तर रात्री दोन्ही एकत्र. त्यानंतरच पेनड्राइव्ह बनवायचा. मेमटेस्टच्या दोन्ही सकाळचे फोटो आणि स्मार्टसीटीएलच्या त्या चार ओळी मला पाठवा. दोन्ही रॅम स्वच्छ निघाल्या तर मला पुन्हा विचार करावा लागेल, आणि तेव्हा मी पुढच्या रविवारी स्वतः मल्टिमीटर घेऊन रामबागेत येतो.